यंदा चुरस आहे!

फेब्रुवारीत एका पहाटे सव्वापाचला फोन वाजला. आमच्या घरात पहाटेच्या फोनचा एकच अर्थ धरतात. सौ. ताडकन उठून बसली. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण गेलं रे?" मी थरथरत्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडे कोल्हापूरहून मेव्हणा.

"दाजी, झोपलायसा काय?"

"काय झालं? कोण…?"

"यंदा चुरस हाय बघा!"

मी फोनवर हात धरून सौ.ला म्हटलं, "कुणी गेलेलं नाही. मोटोजीपीचं आहे."

"मोटारसायकलवरून कोण गेलं?" आतून आई. तिला 'मोटो' एवढंच ऐकू आलं होतं.

"अगं, कुणी नाही!"

"मग पडलं का कोण?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. मोटारसायकलच्या शर्यतीत कुणी ना कुणी पडलेलं असतंच.

तर, १ मार्च २०२६ ला थायलंडमध्ये बुरीरामच्या ट्रॅकवर मोटोजीपीचा, म्हणजे मोटारसायकलच्या शर्यतींचा, नवा हंगाम सुरू होतोय आणि यंदा चुरस आहे. हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं दर फेब्रुवारीत ऐकतोय आणि खरं सांगायचं तर दर फेब्रुवारीत स्वतःही म्हणतोय. पावसाचा पहिला अंदाज, आंबेवाल्याचं 'यंदा माल भरपूर' आणि लग्नाळू मुलाच्या आईचं 'यंदा कर्तव्य आहे' यांच्या जातकुळीतलं हे वाक्य. त्यात माहिती कमी, नवस जास्त.

आधी माझी लायकी सांगतो. मी बावन्न वर्षांचा, विम्याच्या कचेरीत कारकून. माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे. ती मी ताशी चाळीसच्या वर नेत नाही, कारण बेचाळीसला तिचा आरसा थरथरायला लागतो आणि चव्वेचाळीसला मी. वळण आलं की मी दोन्ही पाय खाली सोडतो. स्पीडब्रेकर दिसला की उतरून ढकलत न्यावी का, असा विचार मनात येतो. एकदा सिग्नलला शेजारी सायकलवर शाळेतली मुलगी उभी होती. हिरवा दिवा लागल्यावर ती पुढच्या सिग्नलपर्यंत माझ्यापुढेच राहिली, आणि वर मागे वळून 'काका, या सावकाश' असं तिचं बघणं.

हाच मी रविवारी टीव्हीसमोर बसलो की वेगळा असतो. तिकडे १००० सीसीची, जेमतेम १५७ किलोची गाडी घेऊन माणसं ताशी साडेतीनशेच्या पुढे जातात. ब्रॅड बाइंडरने २०२३ मध्ये इटलीत मुजेल्लोला ३६६.१ गाठला होता. माझ्या स्कूटरला तो वेग द्यायचा तर ती विमानातून खाली टाकावी लागेल. पण त्या वेगाने वळणावर येणाऱ्या माणसाला मी सोफ्यावरून सांगत असतो, "अरे, किती लवकर ब्रेक मारलास! आत घुस ना!" वळणात ते गाडी साठ अंशांच्या पलीकडे आडवी करतात, कोपर जमिनीला घासतं. मला कोपराने सोफ्यावरचा शेंगदाणा उचलता येत नाही. तरी सल्ला चालूच.

आमची चौघांची टोळी आहे आणि आमच्या निष्ठा पक्क्या आहेत. त्या कशा ठरल्या, हे ऐकलंत तर मराठी माणसाच्या शोधक वृत्तीला दाद द्याल. मी पेक्को बन्यायाचा. का? तर २०१६ मध्ये हॉलंडमध्ये आसेनला त्याने आयुष्यातली पहिली मोठी शर्यत जिंकली, मोटो थ्री या धाकट्या गटात, ती महिंद्राच्या गाडीवर बसून. महिंद्रा म्हणजे मुंबई, मुंबई म्हणजे आपलं गाव, म्हणजे बन्याया हा आपला माणूस. तो इटलीत तुरीनला जन्मला हा तपशील झाला. त्याचं नाव टोळीत चार तऱ्हांनी घेतलं जातं. मेव्हणा त्याला 'बगनय्या' म्हणतो, त्यामुळे तो सांगलीकडचा पैलवान वाटतो.

वरच्या मजल्यावरचे काका आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये २००७ साली पैसे घातले तेव्हापासून काका केटीएमला 'आपली कंपनी' म्हणतात. ती कर्जात बुडाली आणि गेल्या वर्षी बजाजनेच ताब्यात घेतली, तेव्हा काकांनी जिन्यात पेढे वाटले, जणू सही त्यांनी केली. केटीएमवर पेद्रो अकोस्टा हा एकवीस वर्षांचा स्पॅनिश पोरगा आहे. दोन हंगाम झाले, मोठ्या गटातली एकही शर्यत त्याने जिंकलेली नाही. काका म्हणतात, "प्रोबेशनवर आहे. कन्फर्म होईल."

खालच्या फ्लॅटमधला आयटीवाला मुलगा मार्क मार्केझचा. त्याच्याकडे लॅपटॉपवर तक्ते असतात, प्रत्येक वळणाचे, प्रत्येक टायरचे. हंगामाआधी चाचण्या होतात, तेव्हा तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे आकडे वाचून दाखवतो आणि आम्ही माना डोलवतो. पुढे आलेला असेल तर 'फॉर्मात आहे', मागे पडलेला असेल तर 'खरा वेग झाकून ठेवलाय'. चाचणीत आपला माणूस हरूच शकत नाही, ही या काळाची खरी मजा.

आणि मेव्हणा? मेव्हणा व्हॅलेंटिनो रॉसीचा. रॉसी २०२१ मध्येच निवृत्त झाला, हे त्याला कुणी सांगायचं? तो अजून पिवळा, ४६ नंबरचा टी-शर्ट घालून बसतो. २०१५ मध्ये मलेशियात सेपांगला रॉसी आणि मार्केझ यांची जुंपली होती. ते प्रकरण मेव्हण्याने शेतीच्या बांधासारखं धरून ठेवलंय. त्याच्या लेखी चुरस म्हणजे मार्केझ हरणं. कोण जिंकतो हा दुय्यम मुद्दा.

आम्ही दोघं २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्रत्यक्षही जाऊन आलो. भारतात मोटोजीपी झाली ती तेवढी एकदा. उन्हाने असा काही ताव धरला होता की शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ कराव्या लागल्या. तिथे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. आधी लांबून माशी घोंगावल्यासारखा आवाज आला. मी "कुठं आहेत रे?" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तो आवाज बरगड्यांत शिरून, पाठीतून बाहेर पडून, वळणापलीकडे गेलासुद्धा. तोंड उघडंच राहिलं. मेव्हण्याने त्यात चणे टाकले. त्या दिवशी रॉसीच्याच संघाचा मार्को बेझेकी जिंकला आणि मेव्हणा पिवळ्या टी-शर्टात ढसाढसा रडला. माझा बन्याया पडला. चौदा-पंधराशे किलोमीटर प्रवास करून मी गेलो आणि तो माझ्यादेखत पडला. तेव्हापासून टोळीत ठराव झालाय की मी पाहत असलो की बन्याया पडतो. चुरशीच्या क्षणी मला "दाजी, जरा पाणी आणा की," म्हणून आत पाठवतात. मीही जातो. त्याच्या दोन विजयांच्या वेळी मी माठापाशी उभा होतो, हे नाकारून कसं चालेल?

आता मूळ दुखणं. हंगामात २२ शर्यती असतात आणि त्या अख्ख्या पृथ्वीवर पसरलेल्या. थायलंडची आपल्याकडे दुपारी दीडला, म्हणजे बरोबर वरण-भातावर. युरोपातल्या बहुतेक संध्याकाळी साडेपाचला, चहा आणि 'जरा मंडईत जाऊन या'च्या मधोमध. जपानची सकाळी साडेदहाला, रविवारच्या जाळी-जळमटांच्या वेळेला. अमेरिकेतली रात्री साडेबाराला. गेल्या वर्षी हे सगळं लक्षात राहावं म्हणून मी जानेवारीतच कालनिर्णयवर २२ लाल गोल काढून ठेवले.

सौ.ने विचारलं, "शनिवारी पण तुमचं काहीतरी असतं ना?"

"स्प्रिंट. अर्ध्या अंतराची शर्यत. जिंकणाऱ्याला १२ गुण."

"आणि रविवारी?"

"मुख्य. २५ गुण."

"शुक्रवारी?"

"सराव."

"मग सोमवारी ऑफिसात काय असतं?"

"विश्रांती," मी खरं ते सांगितलं.

त्या लाल गोलांनी पुढे काय अनर्थ केला, तो येईलच.

२ मार्च २०२५. बुरीराम. मुलीची दहावीची परीक्षा चालू, त्यामुळे घरात टीव्हीला बंदी. मी डाव्या हातात मोबाइल धरून उजव्या हाताने वरण-भात कालवत होतो. आवाज बंद. शेजारी आई, मोबाइलमध्ये डोकावत. मार्क मार्केझ पहिला, त्याच्या मागे त्याचा सख्खा धाकटा भाऊ ॲलेक्स. आणि सातव्या फेरीत मार्कने चक्क वेग कमी केला आणि भावाला पुढे जाऊ दिलं.

आईच्या डोळ्यांत पाणी. "बघ! धाकट्याला पुढे जाऊ दिलं. संस्कार लागतात. नाहीतर तू! क्रिकेट खेळताना धाकट्याला बॅटिंगच द्यायचा नाहीस."

"अगं, संस्कार नाहीत, टायरमधली हवा आहे ती!"

खरं कारण तेच होतं. नियम असा आहे की पुढच्या चाकात किमान १.८ बार दाब शर्यतीच्या ६० टक्के अंतरात तरी हवाच, नाहीतर १६ सेकंदांचा दंड. सगळ्यांत पुढे असलेल्याला समोरून थंड वारा लागतो, टायर गार होतं, दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की त्याची गरम हवा लागते आणि दाब चढतो. म्हणून मार्क भावाच्या मागे जाऊन बसला आणि तीन फेऱ्या उरल्यावर आरामात पुढे निघून गेला. कुणाच्या तरी मागे राहून गरम हवा खायची, हे तंत्र मी कचेरीत सत्तावीस वर्षं वापरतोय. फक्त शेवटच्या तीन फेऱ्यांत पुढे निघून जायचं मला कधी जमलं नाही.

हे सगळं आईला समजावताना माझी पाचही बोटं हवेत होती आणि वरण मोबाइलवर. पडद्यावर नेमका बन्याया वरणाखाली गेला. तो तिसरा आला, हे मला पुसल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी पेट्रोलपंपावर हवा भरायला गेलो.

"पुढे सव्वीस भर," मी म्हटलं.

पोरगा म्हणाला, "काका, पुढं बावीस असतंय."

"१.८ बार म्हणजे सव्वीस. मार्केझ तेवढीच ठेवतो."

त्याने स्कूटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्कूटरच्या हुकाला अडकवलेल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं. "मार्केझ कुठल्या सोसायटीत राहतात?" त्याने विचारलं आणि बावीसच भरली.

पण माझ्या अंगात रविवार अजून उतरला नव्हता. सोसायटीच्या फाटकातून आत वळताना वाटलं, आज पाय खाली सोडायचे नाहीत. नजर वळणाच्या शेवटावर, गुडघा बाहेर, अंग आत. वेग ताशी आठ. आणि शेजारच्या बांधकामाची वाळू तिथे सांडलेली. शर्यतीत पडायचे दोन प्रकार असतात. लो-साइड म्हणजे चाक घसरतं आणि गाडी अंगाखालून निघून जाते. हाय-साइड म्हणजे घसरलेलं मागचं चाक एकदम जमीन पकडतं आणि स्वाराला हवेत भिरकावतं. माझा प्रकार तिसराच होता. गाडी जिथल्या तिथे हळूच आडवी झाली, बसलेल्या म्हशीने कूस बदलावी तशी, आणि तिच्याबरोबर मी. २०१८ पासून मोटोजीपीत सगळ्या स्वारांच्या कातडी पोशाखात एअरबॅग सक्तीची आहे. माझ्या बाबतीत ते काम अर्धा किलो दह्याच्या पिशवीने केलं. ती वेळेवर फुटली, एवढंच म्हणतो.

वॉचमन शिट्टी वाजवत आला. त्याच्या मागून आमचा दूधवाला. जुनी १०० सीसीची मोटारसायकल, मागे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या, हँडलला आणखी दोन बरण्या. तो त्याच वाळूतून, त्याच वळणावरून, गाडी तिरकी करत माझ्या डोक्याला वळसा घालून गेला, थांबला, स्टँड लावला आणि मला उचलायला आला. किटलीतून थेंब सांडला नव्हता.

"कसं काय पडलं साहेब? गाडी तर उभीच व्हती."

"टायरचा दाब कमी पडला," मी दही झटकत म्हणालो.

मग आला पाडवा, ३० मार्च. दुपारी श्रीखंड-पुरी आणि रात्री साडेबाराला अमेरिकेत ऑस्टिनची शर्यत. आयटीवाला मुलगा आणि काका आमच्याकडे आले. आवाज बारीक, दिवे बंद. तिकडे पाऊस पडून गेलेला, ट्रॅक वाळतोय. सुरुवातीला अगदी थोडा वेळ उरला असताना मार्केझ गाडीवरून उतरून चक्क पळत सुटला, कोरड्या टायरची दुसरी गाडी आणायला. त्याच्यामागे बाकीचे निम्मेअधिक पळाले. स्वार पळतायत, मेकॅनिक पळतायत, छत्र्या पळतायत. काका म्हणाले, "पहिल्या पाळीची बस चुकल्यावर आमच्या गेटवर असंच व्हायचं." शेवटी सुरुवातच रद्द करून सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. एकाने पळायला सुरुवात केली की बाकीचे कारण न विचारता पळतात, हे तिकडेही चालतं बघून बरं वाटलं.

मग नवव्या फेरीत, पहिला असताना, मार्केझ पडला. मी भान विसरून ओरडलो, "पडला! पडला! पडला!"

रात्रीचे एक वाजत आले होते. समोरच्या इमारतीत दिवे लागले. "कोण पडलं? कितव्या मजल्यावरून?" असं कुणीतरी विचारलं. सेक्रेटरी लुंगीवर, हातात टॉर्च घेऊन पाण्याच्या टाकीकडे धावले. वॉचमनने सवयीने शिट्टी वाजवली. खालच्या आजींनी रामरक्षा सुरू केली. काकांनी गॅलरीतून जाहीर केलं, "काही नाही हो, मार्केझ पडला!" त्यावर अंधारातून प्रश्न आला, "भाडेकरू का?"

मुख्य म्हणजे बन्याया जिंकला आणि मी ते पाहिलं नाही, कारण मी तेव्हा खाली उभं राहून सेक्रेटरींची माफी मागत होतो. टोळीने हा पुरावा नोंदवून घेतला.

आणि गुणतक्ता! तीन ठिकाणच्या शर्यती झाल्यावर ॲलेक्स ८७, मार्क ८६, बन्याया ७५. ॲलेक्स तीन स्प्रिंट आणि तीन शर्यती, सहाही वेळा दुसरा, आणि तरी सगळ्यांत पुढे. भावाभावांत एका गुणाचा फरक! मेव्हण्याचा फोन आला, "म्हटलं न्हवतं? चुरस हाय!" आई तर ॲलेक्सवर फिदा. "गुणी पोर. तक्रार नाही, भांडण नाही, आपला दुसरा." पुढे २७ एप्रिलला स्पेनमध्ये हेरेथला तो एकदाचा पहिला आला, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. मार्क त्या दिवशी पडला होता, हे तिला आम्ही सांगितलं नाही.

एप्रिलच्या १ तारखेला दूधवाला हिशेबाला आला. सौ.ने कालनिर्णय काढलं. "मार्चमध्ये तीन खाडे. दोन, सोळा आणि तीस."

दूधवाल्याने टोपी काढली. "वैनी, खाडा? तीस तारखेला पाडवा व्हता! बासुंदीला एक लिटर जादा घातलं म्या!"

"बासुंदी नाही, श्रीखंड होतं. आणि गोल आहे इथे, लाल."

"मग गोल खोटा बोलतोय का मी?"

मी आतून ऐकत होतो. दोन मिनिटं वाटलं, आपोआप मिटेल. मग जोतिबाची शपथ आली, तेव्हा बाहेर येऊन कबुली दिली की ते गोल माझे. सौ. माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिला १६ सेकंदांच्या दंडात बसवणं अशक्य. दूधवाल्याला काही केल्या पटेना की मोटारसायकलींसाठी कुणी कालनिर्णयवर गोल काढील. शेवटी त्याला मोबाइलवर बुरीरामची शर्यत दाखवली. तो दारात, हातात माप घेऊन, तीन मिनिटं हललाही नाही. साठ अंशांत आडव्या झालेल्या गाड्या, जमिनीला घासणारी कोपरं. मी अभिमानाने विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलंय की." तो थोडा थांबून म्हणाला, "पन मागं किटल्या न्हाईत ना वो यांच्या. मग काय, कुनीबी वाकवंल."

गेल्या वर्षीच्या चुरशीचं पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगतो, कारण मार्केझने ते थोडक्यातच उरकलं. जूनमधल्या आरागॉनपासून ऑगस्टमधल्या हंगेरीपर्यंत सलग सात ठिकाणी शनिवारही त्याचा आणि रविवारही त्याचा. बन्यायाची गाडी तीच, संघ तोच, पण हा कुठे तिसरा, कुठे नववा. मी दोन महिने माठापाशी उभा राहून पाहिलं, उपयोग झाला नाही. आयटीवाला मुलगा तक्ते दाखवायचाही बंद झाला. जिंकणाऱ्याचा चाहता इतका कंटाळलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

२८ सप्टेंबरला जपानमध्ये मोतेगीला सगळं संपलं. पाच शर्यती बाकी असतानाच मार्केझ जगज्जेता. २०२० मध्ये हात मोडला होता, त्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरी मोठ्या गटातलं हे सातवं विजेतेपद. मेव्हण्याने टी-शर्टची बाही डोळ्यांना लावली आणि कांदा चिरतोय असं सांगितलं. मेव्हण्याला कांदा चिरता येत नाही.

पण त्या दिवशी पहिला होता बन्याया! दसऱ्याची आवराआवर चालू होती आणि सौ. माळ्यावर. तिने मला एकच काम सांगितलं होतं, "गॅसवर दूध आहे, लक्ष ठेवा." बन्याया पुढे, शेवटच्या फेऱ्या, आणि त्याच्या गाडीतून धूर यायला लागला. मी उठून उभा राहिलो. "धूर येतोय! धूर!"

माळ्यावरून आवाज, "अहो, धूर येतोय!"

"तेच म्हणतोय मी! पण थांबला नाही पठ्ठ्या!"

"अहो, करपतंय!"

"करपू दे! एकच फेरी राहिलीय!"

बन्याया धूर काढत जिंकला. दूधही धूर काढत संपलं. दोन लिटर. शर्यतीत चूक केलेल्या स्वाराला लाँग लॅप पेनल्टी देतात, म्हणजे वळणाच्या बाहेरून मुद्दाम लांबचा वळसा घालायला लावतात. मला कोपऱ्यावरची डेअरी सोडून पलीकडच्या पेठेतून म्हशीचं दूध आणायला पाठवण्यात आलं. पायी. स्कूटरची किल्ली सौ.च्या कमरेला होती. पातेलं घासायचं वेगळं.

इतकं सगळं होऊन, हंगामाच्या शेवटी तक्ता पाहिला तर मार्क पहिला, ॲलेक्स दुसरा, माझा माणूस पाचवा. तेव्हाच मी ठरवलं होतं, पुरे. आता रविवारी मंडईत जायचं, जाळी-जळमटं काढायची, माणसासारखं वागायचं.

आणि आता हा पहाटेचा फोन.

"दाजी, ऐका. मार्केझचा खांदा इंडोनेशियात मोडला, तो अजून किती भरलाय कुणाला ठावं? यामाहानं नवं व्ही-फोर इंजिन आणलंय. आन् त्यो तुर्की आलाय बघा, तोप्राक राझ… राझगा…"

"राझगात्लीओलू."

"त्योच. सुपरबाइकचा तीनदा चॅम्पियन. वर पुढच्या सालापास्नं इंजिन ८५० सीसीचं, टायर पिरेलीचं. म्हंजे ह्या गाड्यांचं ह्ये शेवटचं वरीस. आता सांगा!"

मी काय सांगणार? मी पांघरुणातून बाहेर आलो होतो. काकांचा निरोप येऊन पडला होता, 'अकोस्टा कन्फर्म होणार.' आईने चहा घेता घेता विचारलं, "धाकट्याचं काय म्हणणं आहे यंदा?" त्या संध्याकाळी मी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन निळं पेन आणलं. घरात तह झालाय. खाडे लाल, रेस निळी.

काल सकाळी दूधवाला आला. माप ओतता ओतता त्याची नजर भिंतीवर गेली.

"साहेब, एक तारखेला दुपारी दीडला ना?"

"तुला कसं माहीत?"

"म्हंजे काय? खांदा दुखतोय म्हनत्यात त्याचा. यंदा चुरस हाय." त्याने किटलीचं झाकण दाबलं आणि सौ.कडे वळला. "वैनी, एक तारखेला दूध न्हाई बरं का. गावाकडं भावानं मोठा टीव्ही घेतलाय. खाडा धरा."

खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं. फाटकापाशी ती वाळू अजून तशीच आहे. तो तिच्यावरून किटल्यांसकट तिरका होऊन गेला, पाय न टेकवता.

आत सौ.ने लाल पेन घेतलं आणि १ मार्चच्या माझ्या निळ्या गोलाभोवती आणखी एक गोल काढला. आमच्या कालनिर्णयात एकाच तारखेला रेस आणि खाडा, दोन्ही खरे, असं पहिल्यांदाच झालं.